पहिली कटिंग मोफत

सूट हा प्रकार मी आतून पाहिलेला आहे. मेन रोडला एका साड्यांच्या दुकानात मी चौदा वर्षं काउंटरवर होते. सेल लागायच्या आदल्या दिवशी आम्ही बायका गादीवर फतकल मारून जुन्या किमतीच्या चिठ्ठ्या काढायचो, नव्या चढ्या किमतीच्या लावायचो आणि मग त्यावर लाल काट मारून खाली जुनीच किंमत लिहायचो. तेव्हापासून कुठं 'पन्नास टक्के' दिसलं की माझा हात आपोआप पर्सवर जातो. घरचे म्हणतात, मी संशयी आहे. मी म्हणते, मी काउंटरवर होते.

आणि अशा बाईवर सवलतीची जाहिरात लिहायची वेळ आली.

आमचे हे नाशिकच्याच अंबडमधल्या एका कारखान्यात माल तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला काढायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. तो विभागच बंद झाला. चाकणला तशी नोकरी मिळत होती, पण तिकडं खोली घेऊन राहायचं आणि महिन्यातून दोनदा घरी यायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं परक्या गावात एकट्यानं भात लावून जेवायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. त्यांना झाडांची हौस होती, म्हणून लॉन कापायचं एक जुनं मशीन घेतलं. चाकणवाल्यांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. तोवर वर्षभराचं काम देणारे दहा बंगले मिळाले तर नाशकात राहायचं, नाही तर बॅग भरायची. नुकतंच गणपती विसर्जन झालं होतं, म्हणजे हातात फार दिवस नव्हते.

पहिली जाहिरात मी लिहिली ती 'लॉनसाठी संपर्क करा' अशी. नाशिकमध्ये लॉन म्हटलं की माणसाला आधी लग्न दिसतं. सकाळपासून फोन. मे महिन्यातली तारीख मोकळी आहे का? आचारी आमचा चालेल का? एका बाईंना तर मी गवत कापते हे कळल्यावर इतकी निराशा झाली की मलाच वाईट वाटलं. मग दुसरा कागद छापला: बंगल्याच्या लॉनची निगा, खत, पाणी, तण काढणे. खाली ठळक अक्षरांत, पहिली कटिंग मोफत. पेपरवाल्याला सांगून तो गंगापूर रोडच्या कॉलन्यांमध्ये पेपरात घालून वाटला.

मी स्वतः असल्या कागदावर कधी विश्वास ठेवला नसता. लोकांनीही ठेवला नाही.

"फुकट म्हणजे नक्की काय काय फुकट?" एका काकूंनी विचारलं. मी सांगितलं, सगळंच. "मग तुमचं कसं भागतं?" असं म्हणून त्यांनी फाटकाची कडी आतून लावली. एका बंगल्याच्या वॉचमननं आमच्या स्कूटरचा नंबर वहीत लिहून घेतला, कारण मोफत काम करणारी माणसं आधी घर हेरतात असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. एक रिटायर्ड काका मात्र तयार झाले. आमचं काम संपेपर्यंत ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि शेवटी म्हणाले, "गवत कुठं नेता?" मी म्हटलं, गाईला घालतो. त्यांनी मान अशी हलवली की जणू चोर सापडला. "तरीच. फुकट कापता म्हणजे गवतातच काही तरी असणार." त्यांनी दोन्ही गोण्या ठेवून घेतल्या. चार दिवसांनी गवत कुजून वास सुटला तेव्हा त्यांचाच फोन आला, न्या म्हणून.

मग मी डोकं लढवलं. एका लेनमधल्या तीन बंगल्यांनी मिळून काम दिलं तर तिघांनाही सूट. दुकानात हे हमखास चालायचं. तीन मैत्रिणी मिळून साड्या घ्यायच्या. पण लेनमधल्या तीन बंगल्यांत मैत्री कुठून असणार? प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "शेजारच्यांना किती लावलं?" सगळ्यांना सारखं म्हटलं तर कुणाला पटेना. जो तो शेजाऱ्याला जास्त सूट मिळाल्याचा संशय घेत होता आणि आपल्याला कमी मिळाल्याचा राग धरून होता. ज्येष्ठ नागरिकांना सवलत ठेवली, तर एक बाई भडकल्या, "कोण म्हणतं मी ज्येष्ठ आहे?"

खरी गोष्ट मला उशिरा कळली. छापील सूट दिल्यामुळे लोकांना घासाघीस करायला जागाच राहिली नव्हती. आपण ओढून कमी केलेला भाव आपल्याला खरा वाटतो. समोरच्यानं आपणहून कमी केलेला खोटा. मी गुपचूप भाव थोडा वर सांगायला लागले आणि बायकांनी तो ओढून खाली आणला. माझ्या साडीच्या दुकानातली चिठ्ठी शेवटी गवतालाही लागली. ह्यांना ते आवडलं नाही, पण दसऱ्यापर्यंत सात बंगले झाले.

गवत आम्ही खरंच गाईला घालत होतो. पंचवटीत देवळांकडे जाणाऱ्या वाटेवर बायका गाय बांधून, पुढं गवताच्या पेंढ्या मांडून बसतात. पुण्य करणारा पैसे देतो आणि पेंढी गाईच्या तोंडाशी धरतो. त्यातल्या एका मावशींना मी गोण्या नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "फुकट कशापायी देता ताई? उद्या पैसं मागशाल." नंतर घ्यायला लागल्या, पण प्रत्येक गोणीत कोपरापर्यंत हात घालून, मूठभर गवत वर काढून, हुंगून मगच. मला त्यांचा राग यायचा. आपल्यासारखं माणूस समोर आलं की आपल्याला राग येतोच.

आठवा बंगला एका द्राक्षवाल्या दादांचा. शेती पिंपळगाव बसवंतकडं, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बंगला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "या की उद्याच. पसंत पडलं तर वरसाचं काम तुमचं. लेनमधी आमचे दोन पाहुणे हायेत, त्यांचंबी तुम्हालाच." पाहुणे म्हणजे त्यांचे दोघे नातेवाईक. आठ, नऊ आणि दहा. ह्यांचा चेहरा उजळला. माझ्या मनात मात्र लगेच पाल चुकचुकली. न विचारता हो म्हणणारं गिऱ्हाईक मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॉन कापलं. फार सुंदर दिसत होतं. कडेच्या कुंड्यांभोवतीचं गवत ह्यांनी गुडघ्यावर बसून कात्रीनं कापलं. त्या दिवशीची गोणी मात्र गायवाल्या मावशींनी परत केली. "ही नको. ह्याला कसला तरी वास हाय. गाय तोंड लावीना." मला वाटलं, फुकटचं मिळतंय तर आता नखरे सुरू झाले. मशीनच्या पेट्रोलचा वास असेल असं म्हणत मी गोणी घंटागाडीत टाकली आणि घरी कुणाला काही बोलले नाही.

सहाव्या दिवशी दादांचा फोन आला. जाऊन पाहिलं तर लॉन पार पिवळं पडलेलं, मध्ये मध्ये तपकिरी. दादा फाटकातच उभे होते. दोघे पाहुणेही आले होते, आणि शेजारच्या बायका कंपाउंडवरून बघत होत्या.

"काय केलं हो हे? लय भारी लॉन होतं आमचं. तुमच्या मशीननं जाळून टाकलं."

हे खाली बसले. एक झुबका उपटला, मुळं बोटांनी चोळली. म्हणाले, "कापण्यानं असं होत नाही. हे मुळापासून गेलंय. मी पातं वर ठेवलं होतं."

"मंग आपोआप जळालं का?"

मला दहावा, नववा, आठवा बंगला एकामागोमाग जाताना दिसला. मला चाकणची खोली दिसली. आणि दुकानात शिकलेलं तोंडातून बाहेर पडलं: गिऱ्हाईक चिडलं की आधी आपल्या माणसाची चूक कबूल करून टाकायची. मी हात जोडून म्हटलं, "दादा, पातं चुकून खाली गेलं असेल ह्यांच्याकडून. वय झालं, कधी कधी लक्ष राहत नाही. आम्ही नवीन गवत लावून देऊ, एक पैसा घेणार नाही."

हे उठले, गुडघ्याची माती झटकली आणि स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले.

हे मी नुसतं वेळ मारून न्यायला बोलले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मला खरंच तसं वाटत होतं. आदल्या रात्री त्यांना नीट झोप नव्हती, हे मला आठवत होतं. नोकरी गेल्यापासून ते चहात साखर दोनदा घालतात, तेही आठवत होतं. आणि गंमत बघा, घरी येताना स्कूटरवर त्यांच्याच मागे बसून मी दुसरीकडं हाही हिशेब मांडत होते, की दादांनीच मुद्दाम काही तरी केलं असणार; फुकटात नवीन लॉन पदरात पाडून घ्यायला. माझ्या संशयाला एका वेळी दोन घरं लागतात.

आठवड्यानं आम्ही नवीन गवत लावायला गेलो. बादली हवी म्हणून दादांनी मागची खोली उघडून दिली. तिथं फवारणीचा पंप होता आणि शेजारी एक कॅन. ह्यांनी कॅन उचलला, त्यावरचं सगळं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं आणि शांतपणे विचारलं, "हे इथं कशाला?"

"ते बागंतलं. तणाचं औषध. छाटणीच्या टायमाला वेलींच्या ओळीत मारतो," दादा म्हणाले. "थोडं इथंबी मारलं व्हतं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी, सांजच्याला."

"का?"

दादा ओशाळले. "तण लय झालं व्हतं ना. म्हटलं, उद्या लॉनवाले येणार, काय म्हणतील, केवढी घाण ठेवलीय."

कामवाली यायच्या आधी भांडी विसळून ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, मी त्यातलीच आहे. पण माळी यायच्या आधी लाजेनं तण मारून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

"पण द्राक्षाला तर काय बी व्हत नाही," दादा म्हणाले. "मंग लॉनला कसं व्हईल?"

"वेलीचं खोड लाकडाचं असतं, दादा. औषधाला लॉन काय आणि तण काय, दोन्ही गवतच."

दादा पायरीवर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. माणूस सरळ होता. त्यांनी तिथल्या तिथं दोन्ही पाहुण्यांना हाक मारून बोलावलं आणि सगळ्या लेनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चूक माझी हाय, ह्यांची नाय. हे साहेब त्या दिवशीच सांगत व्हते, मीच ऐकलं नाय." तिन्ही बंगल्यांचं वर्षाचं काम आम्हाला मिळालं. त्यांच्या त्या एका ओरडण्यानं जेवढी माणसं आली, तेवढी माझ्या सगळ्या कागदांनी आणली नव्हती. ह्यांनी चाकणला फोन करून नाही म्हणून कळवलं. मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या.

पोळ्या वाढताना मी ह्यांना गायवाल्या मावशींचं सांगितलं. त्यांना वास आला होता, मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि दूध मागितलं. पात्याबद्दल मी जे बोलले होते, त्याचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. मला वाटलं, काम मिळालं, दिवाळी आली, विसरले असतील.

भाऊबीज झाल्यावर मी नवीन कागद लिहायला घेतला. या वेळी मोफत काही नाही, तीन बंगल्यांची सूट नाही. 'आधी येऊन लॉन बघू, मग भाव सांगू. औषध मारण्याआधी आम्हाला विचारा.' वर्षाचं काम घेणाऱ्याला पावसाळ्यानंतर एकदा शेणखत. आणि सगळ्यात खाली, जरा मोठ्या अक्षरात, 'विश्वासू सेवा.'

कागद ह्यांच्या हातात दिला. त्यांनी तो माल तपासावा तसा वरून खाली वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाकी सगळं बरोबर आहे. एवढं काढ."

"का हो? सगळेच लिहितात."

"सगळ्यांना लिहू दे," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, चहा मागताना असतो तसाच होता. "तू नको लिहूस."

ते मशीन पुसायला बाहेर गेले. पात्याचं ते विसरले नव्हते. मी ती ओळ खोडली आणि कागद छापायला देऊन आले.