मंगळावरची टेकडी

ऐंशीच्या दशकात मी न्यू जर्सीत शिकत होतो. डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेले मोठाले फोटो लावले होते. पुण्याचे एक काका रोज त्यांच्यापुढे उभे असायचे. मुलगा ऑफिसला जाताना त्यांना इथे सोडायचा. घराची किल्ली काही त्यांना दिलेली नव्हती.

एकदा फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ही टेकडी सकाळी फिरायला बरी आहे."

"काका, तो खड्डा आहे. उजेड कुठून येतोय ते कळलं नाही, की खड्डाही टेकडीसारखा दिसतो."

मफलर घट्ट करत ते बघत राहिले.

"मुलानं इथल्या घराचा फोटो पुण्याला पाठवला होता. त्यातही मला टेकडीच दिसली."

बाहेर मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला. "आलो, आलो" करत काका अक्षरशः पळत सुटले.