स्लोला न टिकणारी गाडी

सत्तरच्या दशकात मी शिरूरला एका खोलीत राहून पुण्याच्या दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. पत्नी दौंडला मुलींच्या शाळेत शिक्षिका होती आणि शाळेमागच्या खोल्यांपैकी एकीत राहत होती. शिरूरला बदली मागायची की दौंडलाच राहायचं, हे तिनं ठरवायचं होतं. मी रविवारी जात असे.

माझी मोटार जुनी होती. वेगात बरी चाले. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन गचके खाऊन बंद पडे. मिस्त्रींच्या भाषेत, गाडी स्लोला टिकत नव्हती. बॅटरीत दम नव्हता, त्यामुळे दौंडहून निघताना ढकलायला माणसं लागत. शाळेचे वयस्कर शिपाई एकदा पत्नीला म्हणाले, "बाई, आज रविवार. धोतार खोचूनच बसलोय." तिला ते लागलं.

त्यानंतर मी इंजिन बंद करणंच सोडलं. फाटकापाशी चोक ओढून, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडीत बसून राही. ती खिडकीशी उभी राही. आवाज चढवून बोलावं लागे, म्हणून तब्येत आणि किराणा यापलीकडे बोलणं जात नसे. बदलीचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा तिनं हातानंच 'नंतर' अशी खूण केली.

शिरूरच्या मिस्त्रीनं आधी स्लोचा स्क्रू पिळून दिला. काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. आम्ही प्लग साफ केले, पॉइंटचं अंतर पाहिलं. कार्बोरेटरच्या जोडाभोवती तेलाचे थेंब सोडले. तिथून हवा शिरत असती तर इंजिनचा आवाज बदलला असता. तो बदलला नाही. शेवटी त्यानं स्लो जेट, म्हणजे मंद चालीला पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, काढून उजेडात धरलं. सुईच्या टोकाएवढ्या भोकात सुताचा तंतू अडकला होता.

"पेट्रोल कशातनं गाळता?" त्यानं विचारलं.

डब्यातलं पेट्रोल कापडातून गाळून टाकीत ओतायची आमच्याकडे पद्धत होती, गंज आणि कचरा जाऊ नये म्हणून. मी नरसाळ्यावर पत्नीच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा धरत असे. खोलीत तेवढंच मऊ कापड होतं. मी तो दाखवला.

"लई धुतल्यालं हाय. धागं सोडतंय," तो म्हणाला. "बारीक जाळी लावा. आन् वैनींचं कापड ऱ्हाऊ द्या घडी घालून."

जेटमध्ये तार घालायला तो तयार नव्हता, त्यानं भोक मोठं होईल म्हणाला. पंपानं हवा मारली, जाळी बसवली, स्क्रू पुन्हा खाली आणला.

पुढच्या रविवारी फाटकापाशी मी पाय काढून घेतला तरी इंजिन चालू राहिलं. आवाज जेमतेम होता. मी विचारलं, बदलीचा अर्ज दिला का. तिनं बॉनेटकडे पाहिलं.

"नाही दिला," ती म्हणाली. "देणारही नाही. मला इथं बरं वाटतं. हे ओरडून कसं सांगायचं तुम्हाला?"

कधीपासून, असं मी विचारलं. आल्यापासूनच, ती म्हणाली. मग तिनं चहाचं विचारलं. उजेडी पोहोचायचं आहे, असं सांगून मी निघालो.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही बंद पडली नाही. पुढे मी महिन्यातून एकदा जाऊ लागलो, नंतर सणावारी.