परत करायला नेलेली वर्षं

शाओवानच्या किनाऱ्यावर कालवं फोडणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण यूछायच्या तोंडी लागायची एकीचीही छाती नव्हती. नवऱ्याशी तर तिचं उभा जन्म भांडण. पेज घट्ट झाली का पातळ झाली, जाळं अंगणात वाळवायचं का गच्चीवर, काहीही चालायचं त्यांना. बाओजू सून होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, ही दोघं आज ना उद्या एकमेकांचा जीव घेणार. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की यांचं बोलणंच हे आहे, दुसरं काही त्यांना येत नाही.

गेल्या शरदात म्हातारा गेला आणि यूछायने अंथरूण धरलं.

शहरातल्या डॉक्टरने नखशिखांत तपासलं. शरीर ठणठणीत आहे म्हणाला, मन खचलंय. गोळ्या लिहून दिल्या. मुलगा बिंगखुन श्यामेनच्या गोदीतली चांगली नोकरी सोडून गावी आला आणि त्याने सेवा मांडली ती अशी की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. तो आईचे पाय कोमट पाण्यात धुवायचा, पाठ चोळायचा, माशाचा काटान् काटा काढून तिला पेज भरवायचा. तिला कुशीवर वळायचं झालं तरी हा आधी धावायचा. गल्लीतल्या बाया आपापल्या पोरांना त्याच्यावरून टोमणे मारायच्या. आणि यूछाय? ती दिवसेंदिवस वाळत चालली. दर घासाला म्हणायची, "तुला किती त्रास रे माझा." हे ऐकलं की बाओजूला धडकी भरायची. जन्मात जिने कुणाची माफी मागितली नाही, ती बाई चमचाभर पेजेसाठी ओशाळत होती. पुढे पुढे तर दोन घासांतच मान फिरवायला लागली. असंच चाललं तर ही उन्हाळा बघायची नाही, असं डॉक्टर बाओजूला बाजूला घेऊन बोलला.

अशात एका सकाळी तान मावशी संत्री घेऊन आली. ही माझूच्या, म्हणजे दर्यादेवीच्या देवळात झाडलोट करायची. मनाची चांगली, पण पोटात काही म्हणून राहायचं नाही तिच्या.

"यूछायताई, काय पोरगा जन्माला घातलास हो," ती पलंगावर टेकत म्हणाली. "देवीपुढे गुडघे टेकून म्हणाला, माझ्या आयुष्यातली दहा वर्षं काढ आणि माझ्या आईला घाल. मी समोर होते. कौलाचे दोन ठोकळे टाकले, तर एक उताणा, एक पालथा. देवीचा होकार आला गं."

बाओजू हातात वाडगा घेऊन दारातच उभी राहिली. आईबापांसाठी देवाकडे असं आयुष्य देऊ करणारे लेक तिने ऐकले होते. पण ते दुसऱ्यांच्या घरातले. इतका मोठा माणूस, एका सकाळी उठून देवळात गेला, आपली दहा वर्षं देऊन आला आणि घरी येऊन मुकाट्याने मासे साफ करायला बसला? तिला त्याचा राग आला, आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

तान मावशी गेली. यूछायने अंगावरची गोधडी बाजूला सारली. मग म्हणाली, "माझे जोडे आण."

"कुठले जोडे, आई?"

"पायात घालायचे. डोक्यावर घेऊन नाचायचे नाहीयेत."

कित्येक महिन्यांनी हा आवाज घरात निघाला होता. बिंगखुन परसातून धावत आला, तर आई पलंगाच्या कडेवर बसलेली. तिने त्याला असं धारेवर धरलं की शेजारची माणसं खिडकीत आली. माझ्या पोटी आलास आणि मलाच आयुष्य वाटत फिरतोस? मला विचारलंस? बायकोला विचारलंस? बिंगखुनने मान खाली घातली.

"तू चालली होतीस, आई. मला दुसरं काही सुचेना."

यूछायने त्याला घरीच थांबायला सांगितलं आणि सुनेचा हात धरून बाहेर पडली. देऊळ टेकाडावर. पायऱ्यांवर ती सारखी धापा टाकत थांबत होती, पण मागे फिरू म्हणायची बाओजूची छाती झाली नाही.

गाभाऱ्यापुढे तिने उदबत्ती लावली, ठोकळे हातात घेतले आणि तोंड उघडलं. पोरगं अडाणी आहे, त्याची वर्षं त्याला परत दे, मला नकोत. ठोकळे पडले ते दोन्ही उताणे. म्हणजे देवी नुसती हसत होती, हो नाही की नाही नाही. तिने पुन्हा टाकले. दोन्ही पालथे. चक्क नकार.

"तुला पोरबाळ नाही, तुला काय कळणार," यूछाय देवीला म्हणाली. तान मावशीने कानांवर हात ठेवले. पुन्हा टाकले, पुन्हा नकार.

मग ती तिथेच फरशीवर बसली. सगळं बळ सरलं होतं. बाओजू शेजारी बसली आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिला फुटलं.

"आई, त्या वर्षांत मीसुद्धा होते," ती म्हणाली. "तो गेल्यावर मी काय करू, हे कुणी विचारलंच नाही."

यूछायने मान वळवून सुनेकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन. नवरा गेल्यावर रिकामं घर कसं खायला उठतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. ती खांबाला धरून उठली आणि परत देवीसमोर उभी राहिली.

"बरं, ऐक. पाच मी ठेवते. पोराचा मान राहील, तुझाही राहील. उरलेली पाच त्याला परत दे. त्याच्यासाठी मागत नाही. या मुलीसाठी मागतेय. म्हातारपणी हिच्याशी भांडायला कुणीतरी हवं."

ठोकळे फरशीवर वाजले, एक गरगर फिरत राहिला आणि थांबला. एक उताणा, एक पालथा.

बाओजूने सासूचे दोन्ही हात घट्ट धरले. हाडांचा सापळा झालेल्या या बाईने देवीकडून बाओजूचा नवरा सोडवून घेतला होता.

यूछायने हात सोडवून घेतले, जोडे पायात सरकवले आणि पायऱ्यांकडे बघून तोंड वाकडं केलं.

"झालं. आता पाच वर्षं मरायचीही सोय राहिली नाही," ती म्हणाली. "चल घरी. भूक लागलीय मला."