मल्लम्माचे सोमवार

पालमच्या मल्लम्माचं पोट वर्षातून दोन-तीनदा असं दुखायचं, की ती भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. डॉक्टर दाबून बघायचे तर पोट मऊ, सोनोग्राफी करायचे तर सगळं ठीक. पहिल्या खेपेला अपेंडिक्स काढलं, दुसऱ्या खेपेला गर्भपिशवी. दुखणं आपलं जागच्या जागी. तिसऱ्या खेपेला एका डॉक्टरानं तिच्या नवऱ्याला, राजशेखरला, बाजूला घेऊन सांगितलं, "मनाचा आजार आहे." झालं! त्या दिवसापासून तिच्या कण्हण्याकडं घरात कुणी लक्ष देईना. आपल्याकडं रोग सापडला नाही की रोगीच खोटा ठरतो.

सासूनं मात्र उपाय काढला. "महादेवाचं कायतरी राहून गेलंय. सोळा सोमवार धर, कडक." मल्लम्मानं धरले. दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायची नाही. दुखणं वाढलं, तेव्हा सासू म्हणाली, उपासात खोट राहिली असेल. मग तिनं गुरुवारही धरला. बिचारीची श्रद्धा खरी होती, तिथंच घात झाला.

अकराव्या सोमवारानंतर हातापायांतला जोर गेला. तेव्हा राजशेखर घाबरला आणि तिला नांदेडला घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखायच्या आधी जेवण कसं होतं?" इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. बाईंनी लघवीची बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवली. दुपारपर्यंत ती गडद लाल झाली.

"पोर्फिरिया. रक्तातला जन्मजात दोष, फार क्वचित दिसतो. उपवास म्हणजे तुम्हाला विष आहे. हात परत येतील, असं मी सांगू शकत नाही." मग म्हणाल्या, "आईकडून लेकरांत उतरू शकतो हा. लेकीला उपाशी राहू देऊ नका."

महिनाभर दवाखान्यात काढून घरी आल्यावर सतरा वर्षांची ऋतुजा आईला वरणभात भरवायला बसली. सोमवार होता.

"तू जेवलीस का गं?"

"न्हाई. तुझ्या हातासाठी मीबी सोळा बोललेय. आज चौथा." मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको, पण सकाळपासून माझं पोट लय दुखायलंय."

मल्लम्माचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ताटातला घास उचलून लेकीच्या तोंडात कोंबावा, असं तिला वाटलं. हात मांडीवरून हलला नाही.

"खा, बाई. डॉक्टरीण म्हणली, उपास म्हंजी आपल्याला विष हाय. पाया पडते तुझ्या, खा."

"आज मोडला तर तुझे हात कसे यायचे, आई?" ऋतुजा म्हणाली आणि पुढचा घास तिच्या तोंडापाशी धरला.