गवताचं औषध

आमच्या भाषेत उंदराचं औषध उंदराला बरं करण्यासाठी देत नाहीत. झुरळांचं औषध, ढेकणांचं औषध, तणाचं औषध, ही सगळी मारायचीच औषधं. हे मी एका अरबाबाला, म्हणजे शेतमालकाला, त्याच्याच शेताच्या बांधावर उभं राहून समजावलं आणि तरी चूक माझीच ठरली. माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझीही काही घाई नाही.

आखातातल्या या देशात आलो तेव्हा मुसफ्फात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पाइप कापत होतो. आज त्याच गल्लीत माझं दुकान आहे. पंप, ठिबकच्या नळ्या, फवारे, शेतीची औषधं. कुणी हात धरून वर आणलं नाही. या अरबाबाच्या घराण्याची अल ऐनच्या रस्त्याला बरीच शेतं आहेत आणि सगळ्या शेतांना माल माझ्याकडून जातो. हे गिऱ्हाईक तुटलं असतं तर दुकान चालवणं कठीण होतं. पुढे मी जे मुकाट्याने सहन केलं, ते एवढ्यासाठीच.

एका सकाळी त्याचा फोन आला. "हबीबी, मेरा हशीश वाजिद तबान. दवा जीब, यल्ला."

वाजिद म्हणजे खूप, तबान म्हणजे थकलेला, जीब म्हणजे आण, यल्ला म्हणजे चल लवकर. हशीश म्हणजे मात्र भलतंसलतं मनात आणू नका. अरबीत हशीश म्हणजे साधं गवत. माझ्या दुकानातल्या तणनाशकाच्या प्रत्येक कॅनवर हाच शब्द छापलेला असतो, तण या अर्थाने. म्हणजे तणाने हा माणूस थकलाय, औषध आण म्हणतोय. यात चुकीचं काय समजलो, कुणी मला सांगावं.

शेतावर गेलो तर समोर चाऱ्याचं ऱ्होड्स गवत. खाऱ्या पाण्याने पिवळं पडलेलं, जागोजागी टक्कल पडलेलं. अरबाब दुबईला गेला होता. जुनं झालेलं गवत मारून नवं पेरायचं असतं, अशी कामं मी कितीतरी शेतांवर केली आहेत. वारा पडलेला होता. नोझल खाली धरून, एक काडी न सोडता फवारणी करून घेतली. शेळ्यांना इथला चारा घालायचा नाही म्हणून शेतावरच्या गड्यांना बजावलं आणि घरी आलो. सांगायला हरकत नाही, इतकं नेटकं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. दोन आठवड्यांत अख्खं शेत गव्हाच्या भुशासारखं झालं.

मग दुसरा फोन आला. त्यात हबीबी नव्हतं.

बांधावर अरबाब उभा होता आणि शेजारी खुर्ची टाकून त्याची आई बसली होती. शेळ्या तिच्या. गवत तिच्या शेळ्यांसाठी.

"मैं बोला दवा," अरबाब म्हणाला.

"मैंने दवा ही दिया."

"दवा देने से मरीज मरता है?"

"किसका दवा है, वो देखना पडता है. बुखार का दवा किसको मारता है? बुखार को. तो हशीश का दवा किसको मारेगा?"

त्याने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मला वाटलं, जिंकलो. पण त्याच्या आईने त्याला काय झालं ते विचारलं, त्याने अरबीत सांगितलं, आणि ती माझ्याकडे बघून एकच शब्द बोलली, "डॉक्टर." पुढे ती मला त्याच नावाने हाक मारू लागली.

अरबाबाचं म्हणणं, आईला सॉरी बोल. मी म्हटलं, सॉरी चूक करणारा बोलतो. तो म्हणाला, मग माल दुसऱ्या दुकानातून येईल. आता एखाद्या गोष्टीचा सौदा करायचाच असेल तर तो मला करता येतो. सॉरीवरून मी "गलतफहमी हो गया"वर उतरलो. त्याला ते पटेना. शेवटी "मालेश"वर सौदा पटला. मालेश म्हणजे जाऊ दे, हरकत नाही, असंच काहीसं. माफी मागितल्यासारखंही होतं आणि नसल्यासारखंही. मी बोललो. म्हातारीने मान हलवली आणि वर एक अट घातली. शेत पुन्हा हिरवं होईपर्यंत डॉक्टरने दर शुक्रवारी येऊन मरीज बघायचा. हिरवं झालं तर दुकान कायम, नाहीतर खलास.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, सॉरी म्हणून मोकळं व्हायचं ना. इतकी वर्षं माझ्याशीही तुम्ही असंच करता."

मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, टेक्निकली, यू किल्ड द क्रॉप."

"टेक्निकली मी बरोबर आहे," मी म्हटलं. त्यावर दोघी हसल्या, तेही मी विसरलेलो नाही.

मग माझे शुक्रवार सुरू झाले. आम्ही राहतो त्या मोहम्मद बिन झायद सिटीतले बाकीचे लोक मुलांना घेऊन मॉलमध्ये जात, आणि मी मेलेल्या गवतापुढे खुर्ची टाकून बसत असे. म्हातारी गहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, ओतायची, खजूर पुढे करायची आणि कामापुरत्या हिंदीत विचारायची, "डॉक्टर, मरीज कैसा?"

"सो रहा है, अम्मा."

"कब उठेगा?"

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला मैं बोलेगी. तू टाइम बोल."

बोरचं पाणी चालू ठेवायला मी सांगितलं होतं, नवं बी टाकण्याआधी जमिनीतलं मीठ धुऊन निघावं म्हणून. आणि एका शुक्रवारी लांबूनच शेत हिरवं दिसलं. गर्द हिरवं. गाडी बांधावर तशीच सोडून मी आत शिरलो, वाकलो, एक रोप उपटलं. त्रिकोणी दांडा, मुळाशी काळी गाठ. लव्हाळा. वडिलांनी भाताच्या खाचरात ज्याला बेणून बेणून कंबर मोडून घेतली, तोच. वरून कितीही औषध मारा, गाठी जमिनीत खुशाल झोपून राहतात आणि पाणी मिळालं की उठतात. मी गवत मारून त्याला रान मोकळं करून दिलं होतं.

तोपर्यंत म्हातारी शेळ्या घेऊन आली होती, मागोमाग अरबाबही. पहिल्या शेळीने हुंगलं आणि खायला लागली. मग सगळ्याच तुटून पडल्या.

"जैन," म्हातारी म्हणाली. म्हणजे छान. "डॉक्टर, जैन."

गप्प बसलो असतो तर सगळं आपोआप मिटलं असतं. पण फुकटचं कौतुक मला पचत नाही, आणि मी खरं बोलत होतो तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे डोक्यात होतंच. मी अरबाबाला स्पष्ट सांगितलं, "ये वो घास नहीं है. ये जंगली है. मेरा दवा मारने का ही था."

"मारने का दवा से हशीश कैसा आया?"

"हशीश नहीं आया. हशीश मर गया. ये दूसरा है."

म्हातारीने विचारलं, काय चाललंय? त्याने सांगितलं. तिने एक रोप हातात घेतलं, काळी गाठ नखाने खरवडली, वास घेतला. मग मुलाशी बराच वेळ बोलली. अरबाबाचा चेहरा पडत गेला. त्याने मला सांगितलं ते असं: ही वनस्पती आई ओळखते, लहानपणापासून. ऱ्होड्स गवत लावायची कल्पना मुलाची. आईला ते कधीच आवडलं नव्हतं, शेळ्यांनाही नाही. आता आईचं म्हणणं, हेच राहू दे. आणि कोपऱ्यात जुन्या गवताचे दोन-चार कोंब पुन्हा फुटलेत, त्यांना डॉक्टरने औषध मारावं. मात्र लव्हाळ्याला धक्का लागता कामा नये.

मी विचारलं, "मतलब, हशीश को दवा मारना है."

"हां."

"मरना चाहिए."

"हां, हां. खलास."

"तो पहले मैंने क्या किया था?"

अरबाबाने खाली मान घालून आपली चप्पल वाळूवर घासली.

काम मी केलं. फक्त गवत मारणारं वेगळं औषध असतं, लव्हाळ्याला ते हात लावत नाही. कोंब मेले, शेळ्या काही दिवस दुसरीकडे बांधल्या, दुकानाचं गिऱ्हाईक कायम राहिलं. वडील असते तर मुलाने पैसे घेऊन लव्हाळा राखला, हे ऐकून ते जेवले नसते.

पण माझं भांडण मिटलेलं नाही. त्याच दिवशी बांधावर मी अरबाबाला म्हटलं होतं, "अब मेरा मालेश वापस दो." मी बोललो होतो ते त्याने मला म्हणायचं, आईच्या समोर, एवढंच.

तो म्हणाला, "इन्शाल्ला."

आजही माल न्यायला आला की मी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहतो आणि वाट बघतो. तो नोझल बघतो, नळ्या बघतो, छताचा पंखा बघतो. मग भावात घासाघीस न करताच घेऊन जातो. त्याला वाटतं, त्यात फिटलं.