घरीच बाळंत व्हायचं ठरवलं, आणि बाळ आडवं होतं

"आडवं हाय," गयामावशी म्हणाली आणि तिनं माझ्या पोटावरचे हात काढून घेतले. "डोकं हितं, उजव्या कुशीत. माझ्या हातचं काम न्हाई पोरी. नांदेड गाठ."

नववा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणाला मी लातूरहून माहेरी आले होते, लोह्याच्या पुढं, नवा लातूर जिल्हा सुरू होतो त्या हद्दीवरच्या गावात. गयामावशी आमच्या गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलंय. मीसुद्धा.

आणि मी तिला काय म्हणाले? "मावशी, तू पण डॉक्टरांसारखी भीती घालतेस?"

बायांनो, लपवून उपयोग नाही. आमच्या बायांच्या संघटनेच्या पत्रकात मीच लिहिलं होतं: बाळंतपण हा आजार नाही, बाईला घरातून उचलून दवाखान्याच्या खाटेवर टाकू नका. गावोगाव वाटलं होतं. शिवाय दुष्काळ. टँकर एक दिवसाआड. तरी वस्तीतल्या बायांनी माझ्या बाळंतपणासाठी एकेक घागर बाजूला काढायचं कबूल केलं होतं. आता त्यांना काय तोंड दाखवू, हा माझा पहिला प्रश्न. पोटातल्या जिवाचा नंतर.

"तेल लावून फिरव ना."

"आन् नाळ गळ्यात असली तर? माझ्या हाताला डोळे हायत व्हय?"

मंगळवारी माय मला नांदेडला घेऊन गेली. सरकारी दवाखान्यात तीन तास बाकावर. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, ट्रान्सव्हर्स लाय. म्हणजे मूल पोटात आडवं. "कळा कितीही आल्या तरी ते बाहेर येत नाही. पाणमोट फुटली की आधी नाळ नाहीतर हात खाली येतो. नाळ दबली की मूल जातं. गर्भाशय फाटलं तर तुम्हीही. आजच ॲडमिट व्हा, सिझेरियन करू." म्हणजे पोटावर छेद देऊन मूल काढायचं.

मला फक्त कापाकापी ऐकू आली. "रविवारपर्यंत फिरेल आपोआप," म्हणून मी उठले. घरी पोचताच मायनं सगळं गयामावशीच्या कानावर घातलं.

गयामावशीनं वाद घातला नाही. ती कामाला लागली. हद्दीवर दुष्काळी रस्त्याचं काम चालू होतं, तिथं सकाळी एक सरकारी जीप यायची. ती कधी येते, किती वेळ थांबते, हे मावशी रोज जाऊन बघून यायची.

शुक्रवारी सकाळी भाकरी खाताना पाणी गेलं. मावशीनं मला तिथंच निजवलं, कमरेखाली वाकळ सारली. "उठायचं न्हाई. मुतायलासुदिक न्हाई." आणि पळाली. साठीची बाई.

जीपवाला म्हणे, गाडी लातूरची, नांदेड जिल्ह्यात न्यायची परवानगी नाही, लॉगबुकात काय लिहू? मावशी तोवर आत चढून बसली होती. "लिही, एका म्हातारीनं पळवली. चल."

जीप दारात आणून तिनं आणि मायनं मला निजवूनच आत घातलं. वाटेत तिचा हात माझ्या पोटावर होता. कळ आली की म्हणायची, "जोर करू नको." बाळ हलतंय का, असं मी सारखं विचारत होते. एकदा तिनं लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "हाय." तेवढ्या वेळात मी माझ्या पत्रकातला शब्द न् शब्द गिळला.

नाळ खाली आली नव्हती. खांदा येऊन अडकला होता. लगेच ऑपरेशन. मुलगी झाली. आधी रडली नाही, मग रडली, असं माय सांगते. मी बेशुद्ध होते.

पत्रकातलं ते वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. नवव्या महिन्यात पोट तपासून घ्या. आडवं असेल तर चोळू देऊ नका, वाट बघू नका, दवाखाना गाठा. मी तीन दिवस हट्टात घालवले. आणि गरोदर बाईसाठी गाडी चोरावी लागते, याची लाज सरकारनं बाळगावी.

तिसऱ्या दिवशी सिस्टर रजिस्टर घेऊन आल्या. "कोणी पाठवले" या रकान्यात लिहिलं होतं: स्वतः.

"हे खोटं आहे, सिस्टर. गयाबाई, सुईण, असं लिहा."

"सुईणीनं बिघडवलेली केस आली तरच तिचं नाव लिहितो."

टाके ताणले तरी मी उठून बसले. "मग वाचवलेलीही लिहा. त्याशिवाय मी हलत नाही."

"ऱ्हाऊ दे गं," दारातून मावशी म्हणाली. "मला कुटं वाचता येतंय."

सिस्टरांनी शब्द खोडला. "पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडलं आणि थांबले. जन्मापासून तिला मावशी म्हणत आले होते. आडनाव तिलाच विचारावं लागलं.