वीरगळाला सोनेरी ऑइलपेंट

मंडळी, आज लय डोकं फिरलंय.

आमच्या देवळामागं वीरगळ हाय. गावच्या गाई वाचवताना मेलेल्या गड्याचा दगड. त्याचं नाव कुणालाच म्हाईत न्हाई, जे कळतंय ते कोरीवकामातनंच. आज सकाळी बघतोय तर देवळाच्या कमिटीतल्या आण्णांनी त्याला सोनेरी ऑइलपेंट फासलेला! गाईंची शिंगं, तलवार, सगळं रंगात बुजलं.

म्हणलं, "आवं आण्णा, हे काय केलंसा?"

"गप रं! जत्रंला कसं चकचकीत दिसंल बघ की."

शाळेत असताना मी खडूनं ह्याच वीरगळाला चष्मा काढलेला. तवा ह्याच आण्णांनी माझ्या कानफटात हाणलेली. "वाडवडलांची चेष्टा करतोस व्हय रं?"

माझा चष्मा एका पावसात धुऊन गेला. ह्यो रंग कवा जायाचा? आन आता कानफटात कुणी कुणाच्या हाणायची, सांगा की!